ल्यूथर जळण्यापासून वाचला कसा, आणि त्याचा कालिकतच्या मिऱ्यांशी काय संबंध?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, यान हुस या पाद्र्याने चर्चविरुद्ध जवळपास तेच म्हटलं जे शंभर वर्षांनी जर्मनीत मार्टिन ल्यूथरने म्हटलं, हुसला जिवंत जाळलं, मग ल्यूथर कसा काय वाचला? आणि दुसरा भाग असा की त्याच वर्षांत पोर्तुगीज गोव्यात बस्तान बसवत होते, मॅगेलन स्पेनहून मसाल्याच्या बेटांकडे निघाला होता, तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नुसता काळ एक आहे.

प्रश्न आवडला, कारण मी कॉलेजात हा पेपर बरीच वर्षं शिकवतोय आणि आपल्या अभ्यासक्रमात 'भौगोलिक शोध' हे एक प्रकरण, 'धर्मसुधारणा' हे दुसरं, त्यामुळे मुलांच्या डोक्यात ती दोन वेगळी जगंच होऊन बसतात, एकात जहाजं आणि दुसऱ्यात पाद्री. माझं मत विचाराल तर ही एकच गोष्ट आहे, आणि ती एकत्र वाचायची असेल तर ल्यूथरच्या विटेनबर्गपासून सुरुवात करू नका, पोर्तुगीजांच्या लिस्बनपासूनही नको, ऑग्सबर्गपासून करा. दक्षिण जर्मनीतलं हे शहर, तिथे याकोब फुगर नावाचा सावकार बसलेला होता. पापमुक्तिपत्रांच्या भांडणात त्याचं नाव येतं, पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखाच्या, सम्राटाच्या निवडणुकीत येतं आणि आपल्या मलबारच्या मिऱ्यांच्या व्यापारातही येतं.

आधी हुसचं पटकन सांगतो. १४१४ ला त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे बोलावलं, राजा सिगिस्मुंडने अभयपत्र दिलेलं होतं, तरी ६ जुलै १४१५ ला जाळलं. पण हुस फेल गेला असं म्हणू नका, त्याचे अनुयायी १४१९ ते १४३४ लढले आणि १४३६ ला त्यांनी चर्चकडून काही सवलती पदरात पाडूनही घेतल्या. फक्त ते सगळं बोहेमियापुरतं राहिलं. छपाई नव्हती, शिवाय बोहेमियाबाहेरच्या कुठल्या मोठ्या राजाला हुसला वाचवण्यात काही फायदा दिसत नव्हता. ल्यूथरच्या वेळी या दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या.

आता पापमुक्तिपत्रं. 'पैसे द्या आणि पाप माफ' असं आपल्याकडे सर्रास लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. चर्चचं म्हणणं असं होतं की पापाची क्षमा कबुलीजबाबाने मिळते पण त्याची शिक्षा शिल्लक राहते, ती इथे नाही भोगली तर मेल्यावर शुद्धिलोकात भोगायची, आणि ती शिक्षा कमी करण्याचा अधिकार पोपला आहे. व्यवहारात विकणारे जे बोलायचे त्यात हा फरक कधीच पुसला गेला होता, बाजारात माणूस पत्र घ्यायचा ते मेलेल्या आईबापांची सुटका होईल या आशेनेच.

१५१७ च्या त्या विक्रीमागे काय होतं बघा. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला आल्ब्रेख्त, वय वर्षं तेवीस-चोवीस, तो आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप होता आणि १५१४ ला त्याला माइंझचं आर्चबिशपपदही हवं होतं. वय कमी, त्यात एकापेक्षा जास्त पदं, म्हणजे रोमची खास परवानगी लागणार आणि तिचे पैसे वेगळे. माइंझचे आर्चबिशप १५०४, १५०८ आणि १५१४ असे लागोपाठ वारलेले, दर वेळी नवीन माणसाच्या नेमणुकीची फी रोमला भरून ते संस्थान टेकीला आलेलं, त्यामुळे आल्ब्रेख्त म्हणाला मी भरतो. भरले कुठून तर फुगरकडून कर्ज काढून, वीस हजारांहून जास्त सोन्याची नाणी. मग पोप दहाव्या लिओने त्याला रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी काढलेली पापमुक्तिपत्रं आपल्या मुलखात विकायची परवानगी दिली आणि ठरलं असं की अर्धे पैसे रोमला, अर्धे कर्जफेडीला. टेट्झेल नावाचा डोमिनिकन पाद्री गावोगाव विकत फिरायचा आणि फुगरचा माणूस पेटीजवळ हजर असायचा. गावातल्या विधवेने पेटीत टाकलेलं नाणं अर्धं सावकाराकडे जातंय हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे ल्यूथरलाही सुरुवातीला हा कर्जाचा सौदा माहीत नव्हता. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, लोक पश्चात्ताप सोडून कागदावर भरवसा ठेवतायत यावर.

टेट्झेलला सॅक्सनीत पाय ठेवू दिला नव्हता. तिथला इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचं मत असलेला राजा, फ्रेडरिक, ज्याला शहाणा फ्रेडरिक म्हणतात, त्याच्याकडे स्वतःचा संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह होता, १५२० पर्यंत एकोणीस हजारांवर तुकडे, त्यांच्या दर्शनालाही पुण्य लावलेलं होतं आणि लोक पैसे घेऊन यायचे, मग बाहेरचा विक्रेता कशाला येऊ देईल? पण विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून युटरबोगला जायचे, पत्रं घेऊन यायचे आणि कबुलीजबाबाला ल्यूथरपुढे ठेवायचे. तिथून पापमुक्तिपत्रांवर टीका करणारे त्याचे ते ९५ मुद्दे आले. ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने ते पत्रासोबत आल्ब्रेख्तला पाठवले हे पक्कं. चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकले का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कारण ती गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉनने १५४६ ला लिहिली आणि तो स्वतः विटेनबर्गला आला १५१८ ला. मुद्दे लॅटिनमध्ये होते, विद्वानांच्या वादासाठी. पण वर्ष संपायच्या आत लाइपझिग, न्युरेम्बर्ग, बासेल इथे छापून झाले, आणि ल्यूथरने त्यातून धडा घेऊन १५१८ ला जर्मन भाषेत छोटीशी, साध्या माणसाला कळेल अशी पुस्तिका काढली, ती परत परत छापली गेली. हुसकडे हे हत्यार नव्हतं.

पण नुसत्या छपाईने माणूस वाचत नाही, पुस्तकं जाळता येतात आणि लेखकही. इथे राजकारण येतं आणि माझ्या मते उत्तराचा गाभा इथेच आहे. ऑक्टोबर १५१८ ला ल्यूथरची चौकशी रोमला व्हायच्या ऐवजी ऑग्सबर्गला झाली, फ्रेडरिकने ते जमवून आणलं, आणि पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान उतरला होता कुठे, तर फुगरच्या वाड्यात! ज्याच्या कर्जातून भांडण सुरू झालं त्याच्याच छपराखाली चौकशी. ल्यूथर माघार घेईना, आणि रोमने त्याला तिथेच धरलं का नाही याचं उत्तर पुढच्या तीन महिन्यांत मिळतं. जानेवारी १५१९ ला सम्राट माक्सिमिलियन वारला आणि नवा सम्राट निवडायची वेळ आली. मतं सात, सात इलेक्टरांची, त्यातलं एक फ्रेडरिकचं, एक आल्ब्रेख्तचं, एक त्याच्या भावाचं. मुख्य उमेदवार दोन, स्पेनचा राजा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस. पोपला चार्ल्स नको होता कारण दक्षिण इटलीतलं नेपल्स आधीच त्याच्याकडे, वर तो सम्राट झाला तर रोम दोन्हीकडून त्याच्या मुठीत. म्हणून पोप फ्रेडरिकची मनधरणी करत बसला, तूच उभा राहा म्हणाला, आणि ज्याची मनधरणी करायची त्याच्या लाडक्या विद्यापीठातला प्रोफेसर कसा पकडून न्यायचा? ल्यूथरची केस दीड वर्ष थंड पडली ती या कारणाने. त्या दीड वर्षात त्याचं लिखाण जर्मनीभर पसरलं.

२८ जून १५१९ ला चार्ल्स निवडून आला. खर्च सुमारे साडेआठ लाख गुल्डन, त्यातले पाच लाख त्रेचाळीस हजार एकट्या फुगरचे. पुढे १५२३ ला फुगरने सम्राटाला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तो सरळ आठवण करून देतो की माझी मदत नसती तर महाराजांना हा मुकुट मिळाला नसता, आता माझे पैसे द्या. सावकाराने असं पत्र लिहावं आणि सम्राटाने गप्प बसावं, यावरून तुम्हाला त्या काळाची कल्पना येईल. वसुली म्हणून फुगरना स्पेनमधल्या लष्करी धर्मसंघांचं उत्पन्न मक्त्याने मिळालं, त्यात आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणी होत्या. हा पारा लक्षात ठेवा.

आणि निवडून येताना चार्ल्सने इलेक्टरांना लेखी वचन दिलं होतं की कुठल्याही जर्मन माणसाला बाजू ऐकल्याशिवाय साम्राज्याच्या कायद्याबाहेरचा ठरवणार नाही. म्हणून पोपने बहिष्कृत केल्यावरही ल्यूथरला वर्म्सच्या साम्राज्यसभेत बोलवावं लागलं.

आता एकच वर्ष घ्या, १५२१. वर्गात मी फळ्यावर फक्त हे वर्ष लिहितो आणि अख्खा तास त्यावर घेतो. १८ एप्रिलला वर्म्सला ल्यूथर एकवीस वर्षांच्या सम्राटासमोर सांगतो की मी माघार घेणार नाही. पाच दिवसांनी, २३ एप्रिलला, तिकडे स्पेनमध्ये व्हियालारला चार्ल्सविरुद्ध बंड केलेल्या शहरांचा पराभव होतो, म्हणजे वर्म्सला बसलेला हा तरुण त्या क्षणी आपलं स्पेन हातातून जातंय की काय या काळजीत होता. २७ एप्रिलला फिलिपाइन्समध्ये माक्तान बेटावर त्याच चार्ल्सच्या खर्चाने निघालेला मॅगेलन मारला जातो. १३ ऑगस्टला कोर्टेस मेक्सिकोतली अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतो, तेही चार्ल्सच्या नावाने, आणि ऑगस्टच्याच शेवटी तुर्कांचा सुलतान सुलेमान बेलग्रेड घेतो. त्यात त्याच वर्षी फ्रान्सशी लढाई जुंपलेली. ल्यूथर हा या माणसाच्या यादीत कितव्या नंबरवर असेल, सांगा. त्याने ल्यूथरविरुद्ध हुकूम काढला, मेमध्ये सहीही केली, पण अंमलबजावणी करायची कोणी, स्थानिक राजांनी, आणि फ्रेडरिकने तर ल्यूथरला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवूनही टाकलं होतं. चार्ल्स १५२२ ला स्पेनला गेला तो जर्मनीत परत आला थेट १५३० ला. आठ वर्षं!

त्या वेळच्या माणसाच्या डोळ्यांनी बघायचं तर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची नेदरलँड्सच्या प्रवासाची डायरी आहे. १५२० च्या ऑगस्टमध्ये ब्रसेल्सला त्याने मेक्सिकोहून आलेला सोन्याचा सूर्य आणि चांदीचा चंद्र बघितला आणि ज्यांनी ते घडवलं त्यांच्या बुद्धीचं भरभरून कौतुक लिहिलं. अँटवर्पला पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला नारळ दिले, पोपट दिला, त्याचीही नोंद आहे. आणि त्याच डायरीत मे १५२१ ला, ल्यूथरला पळवून नेल्याची बातमी आली तेव्हा, त्याने लिहिलेला लांबलचक विलाप आहे. त्याच्यासाठी ही दोन प्रकरणं नव्हती.

अजून एक, सप्टेंबर १५२२. त्या महिन्यात मॅगेलनच्या पाच जहाजांपैकी एकच, व्हिक्टोरिया, अठरा माणसं आणि लवंगांचा साठा घेऊन स्पेनला परतलं, आणि त्याच महिन्यात विटेनबर्गला ल्यूथरचा जर्मन नवा करार छापून बाहेर पडला.

तुर्कांचा मुद्दा न टाळता सांगतो, कारण तो लोक विसरतात. ऑगस्ट १५२६ ला श्पायरच्या साम्राज्यसभेने ठरवलं की धर्माच्या बाबतीत प्रत्येक राजाने देवाला आणि सम्राटाला जाब देता येईल असं वागावं, म्हणजे सध्या ज्याचं त्याने बघावं. दोनच दिवसांनी मोहाचला सुलेमानने हंगेरीचं सैन्य संपवलं, राजा लायोश पळताना मेला. १५२९ ला तुर्क व्हिएन्नाच्या तटाशी. जर्मन राजांकडून पैसे आणि सैन्य हवं असेल तर त्यांच्या धर्मात हात घालता येत नाही, दर वेळी चार्ल्सला हीच अडचण. १५३२ चा न्युरेम्बर्गचा तह सरळ याच हिशोबातून आला. चार्ल्सने शेवटी १५४७ ला म्युलबर्गला ल्यूथरच्या पंथाच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, राजांना हरवलंही, पण तोवर ल्यूथर आपल्या बिछान्यावर मरून वर्ष उलटलं होतं आणि एक अख्खी पिढी नव्या पंथात वाढली होती. १५५५ ला ऑग्सबर्गलाच तह झाला, राजाचा धर्म तो प्रजेचा.

आता कोणी म्हणेल, म्हणजे हे सगळं पैशाचं आणि राजकारणाचं, धर्म नावाला. नाही, हे मला अजिबात मान्य नाही. पैशाने आणि राजकारणाने ल्यूथर *वाचला* कसा हे कळतं, लोक त्याच्या मागे *का गेले* हे कळत नाही. ज्या बाईने मेलेल्या मुलासाठी पोटाला चिमटा काढून पत्र विकत घेतलं होतं तिला कोणीतरी येऊन सांगतं की देवाची कृपा विकत घ्यायची नसते, ती फुकट मिळते, विश्वास ठेव, तर तिच्या आयुष्यात केवढी उलथापालथ झाली असेल. लोकांनी यासाठी घरं सोडली, जीव दिले. दोन्ही बाजूंनी दिले. इतिहास शिकवताना हे गाळलं तर उरतो तो नुसता जमाखर्च.

आता आपल्याकडचा भाग. पोर्तुगीजांना मलबारात मिरी घ्यायची तर बदल्यात काय द्यायचं हा मोठा प्रश्न होता, युरोपचा माल इथे कोणाला फारसा नको होता. चालायचं ते सोनं, चांदी आणि तांबं. तांबं आणि चांदी होती मध्य युरोपच्या खाणींत, आणि त्यातल्या कितीतरी खाणी फुगरच्या ताब्यात. माल अँटवर्पला जायचा, तिथून लिस्बन, तिथून कोची. १५०५ ला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाचं आरमार भारतात आलं त्यात फुगर आणि ऑग्सबर्गचेच दुसरे सावकार वेल्सर दोघांचे पैसे होते. २००८ ला नामिबियाच्या किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणीत एक बुडालेलं पोर्तुगीज जहाज सापडलं, बहुधा १५३३ ला भारताकडे निघालेलं बोम जेझुस, त्यात सोळा-सतरा टन तांब्याचे गोळे आणि त्यांवर फुगरचा त्रिशूळाचा शिक्का. आणि ल्यूथर? १५२४ ला व्यापार आणि व्याजावर लिहिताना तो चक्क कालिकतचं नाव घेतो, म्हणतो कालिकत आणि भारताहून रेशीम, मसाले असला चैनीचा माल आणणारा व्यापार देशाचा पैसा शोषून घेतो, तो चालू देऊ नये. विटेनबर्गच्या त्या माणसाला कालिकत माहीत होतं, आणि त्याच लिखाणात तो मोठ्या व्यापारी कंपन्यांवर तुटून पडतो. तुम्ही विचारता तो संबंध इतका उघड आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका, अमेरिकेच्या चांदीने ल्यूथरच्या काळातल्या लढाया लढल्या गेल्या असं नाही. दक्षिण अमेरिकेतली पोतोसीची चांदीची खाण सापडली १५४५ ला, ल्यूथर मेला १५४६ ला. चांदीचा खरा पूर नंतरचा, आणि तो वाढला कारण १५५० नंतर मेक्सिकोत पाऱ्याने चांदी काढायची पद्धत आली, आणि तो पारा आल्मादेनचा, वर लक्षात ठेवा म्हटलं तो. तेवढी चांदी येऊनही चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने, १५५७, १५७५ आणि १५९६ ला कर्ज फेडायला असमर्थ म्हणून हात वर केले. १५७६ ला पगार न मिळालेल्या त्याच्या सैनिकांनी अँटवर्प लुटलं, १५८५ ला शहर पुन्हा स्पेनच्या ताब्यात गेल्यावर हजारो प्रोटेस्टंट उत्तरेला गेले आणि त्यांच्याबरोबर अँटवर्पचा पैसा आणि धंद्याची अक्कल अ‍ॅमस्टरडॅमला गेली.

कॅथलिक बाजूनेही याच काळात कंबर कसली होती. १५४० ला जेझुइट या पाद्र्यांच्या संघाला पोपची मान्यता, मे १५४२ ला त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेतला कडकपणा इथे समुद्र ओलांडून आला, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं, १५६७ ला गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली, १५८३ ला कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावाने भोगला. युरोपातल्या भांडणाचं ओझं इथल्या माणसांच्या घरांवर येऊन पडलं, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

आणि तरी त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स होता. इंग्लंडचा कॅथलिक, प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या राज्यात त्याच्या धर्माला जागा उरली नव्हती म्हणून रोमला जाऊन १५७५ ला जेझुइट झाला, १५७९ ला गोव्यात उतरला, आणि १६१६ ला राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली नसती तर हा माणूस इथवर आला असता असं मला वाटत नाही, आपल्या भाषेतला एवढा मोठा ग्रंथ त्या भांडणाचं लेकरू आहे.

१५८३ च्या शेवटी राल्फ फिच आणि न्यूबेरी या इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांनी इराणच्या आखातातल्या होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं, त्यांच्याकडे एलिझाबेथचं अकबरासाठीचं पत्र होतं. जामीन मिळवून द्यायला धावला कोण, तर हाच स्टीफन्स, आणि सोबत आर्चबिशपच्या कचेरीत नोकरी करणारा डच तरुण लिन्स्खोटेन. देश सोडावा लागलेला कॅथलिक पाद्री आपल्या प्रोटेस्टंट देशबांधवांना सोडवतोय. फिच जामीन मोडून निसटला, भारतभर आणि पुढे मलाक्कापर्यंत फिरून १५९१ ला लंडनला पोचला आणि ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला. लिन्स्खोटेनने गोव्यात बसून पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गांची माहिती जमवली आणि १५९५-९६ ला अ‍ॅमस्टरडॅमला छापली, ती हातात घेऊन डच जहाजं निघाली. १६०२ ला त्यांची कंपनी, १६३७ ला वेंगुर्ल्याला वखार, गोव्याच्या नाकासमोर, आणि त्या वखारीच्या जोरावर ते पुढे गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत राहिले. कोकणातल्या कोणी वेंगुर्ल्याची पडकी डच वखार बघितली असेल, तर ती तिथे का आहे याचं उत्तर शोधत गेलात की तुम्ही अँटवर्पवरून ऑग्सबर्गला पोचता.